२०२५ सरलं : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कार्बनच्या वायद्याचं काय झालं?

रानजाई
मी २०१४ ते २०१६ डेव्हिसला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा कॅम्पसपैकी एकावर, शिकत होते. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या अध्यक्ष जॅनेट नॅपोलिटानो यांनी जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत दहाही कॅम्पसच्या इमारती आणि विद्यापीठाच्या गाड्या यांचं निव्वळ हरितगृह वायू उत्सर्जन शून्य करायचं. त्या काळात कॅम्पसवर ते वाक्य जिथे तिथे दिसायचं. २०१५ मध्ये डेव्हिसच्या दक्षिणेला १६ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आम्ही सायकली काढून तो बघायला गेलो होतो. मला मनापासून वाटलं होतं, हे लोक करून दाखवणार.

आता २०२५ सरलं. मी डेव्हिसपासून तासाभराच्या अंतरावर राहते आणि वार्षिक शाश्वतता अहवाल दर वर्षी वाचते. सवयच लागली आहे म्हणा. वीज बरीच स्वच्छ झाली. जून २०१९ नंतर मंजूर झालेल्या नव्या इमारतींमध्ये खोल्या तापवायला आणि गरम पाण्यासाठी गॅस जाळायचा नाही असा नियम आला. डेव्हिसला वाफेचे जुने पाइप उखडून गरम पाण्याचे पाइप टाकायचं 'बिग शिफ्ट' नावाचं मोठं काम हाती घेतलं. पण बर्कली कॅम्पसचं १९८७ चं गॅसवर वीज आणि वाफ दोन्ही करणारं केंद्र वर्षानुवर्षं तसंच धडधडत राहिलं. लॉस एंजेलिस, सान डिएगो, अर्व्हाईन इथेही अशीच केंद्रं आहेत. आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने धोरणच बदललं. आता २०१९ च्या तुलनेत २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जनात किमान ९० टक्के घट, असं नवं उद्दिष्ट आहे.

प्रश्न असा की याला शब्द मोडला म्हणायचं की शब्द सुधारला म्हणायचं? आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने एखाद्या विद्यापीठाची प्रगती बघायची तर नेमका कोणता आकडा बघायचा?

सुरपारंबी
वाचते आहे. छान धागा. माझा भाचा सान डिएगोला आहे, त्याला लिंक पाठवली.

कोयनाकाठ
रानजाई, उत्तर सोपं आहे. वायदा केला, मुदत संपली, काम झालं नाही. म्हणजे मोडला. बँकेचा हप्ता चुकवून "आता २०४५ पर्यंत फेडतो, आणि व्याजासकट फेडतो" असं आपण म्हटलं तर बँक ऐकून घेईल का?

मीटरवाले_काका
मी ३४ वर्षं विजेच्या खात्यात काढली. पहिली गोष्ट विचारायची ती ही की मोजलं काय. उत्सर्जनाच्या हिशेबात तीन कप्पे आहेत, २००१ पासून जगभर तेच चालतात. पहिला कप्पा म्हणजे आपल्या आवारात आपण स्वतः जाळलं ते : बॉयलरचा गॅस, जनरेटरचं डिझेल, बसचं इंधन. एसीतून गळलेला वायूही याच कप्प्यात येतो, आणि तोच बहुतेक जण विसरतात. दुसरा कप्पा विकत घेतलेल्या विजेचा. तिसऱ्यात उरलेलं सगळं : प्राध्यापकांचे विमानप्रवास, मुलांचं येणंजाणं, विकत घेतलेलं सामान, कचरा.

२०२५ चा वायदा पहिल्या दोन कप्प्यांचा होता. तिसऱ्यासाठी २०५० होतं. बातम्यांमध्ये मात्र "विद्यापीठ कार्बनमुक्त होणार" एवढंच छापून यायचं. म्हणून कुठलाही अहवाल हातात घेतला की आधी बघा, कोणता कप्पा आत आहे आणि कोणता बाहेर.

दुसरं म्हणजे आधारवर्ष, ज्या वर्षाशी तुलना करायची ते. २०२० धरलं तर सगळीच विद्यापीठं वाईट दिसतील, कारण कोविडमध्ये कोणी विमानात बसलं नाही आणि वर्ग रिकामे होते. नव्या धोरणात २०१९ धरलंय ते बरोबर आहे.

बेकरी_गल्ली
काका, चहाच्या आधणाचाही हिशेब धरणार का मग?

मीटरवाले_काका
धरायचाच. कॅन्टीनचा १९ किलोचा सिलिंडर जळला की साधारण ५७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वसतिगृहाची खानावळ महिन्याला किती सिलिंडर घेते ते विचारा, मग बोलू.

बेकरी_गल्ली
बापरे. मागे घेतो. उद्या चहा अर्धाच.

धुक्यातली_वाट
मी बे एरियात राहतो आणि कोयनाकाठ यांच्याशी सहमत नाही. २०२५ चा वायदा "निव्वळ शून्य" होता, आणि त्या "निव्वळ" शब्दात सगळी मेख होती. विद्यापीठाला हवं असतं तर उरलेल्या टनांइतके ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे कोणीतरी केलेली घट आपल्या नावावर दाखवायच्या पावत्या, विकत घेऊन २०२५ ला "आम्ही पोचलो" असा फलक लावता आला असता. बॉयलर तसेच, गॅसचं बिल तसंच, फक्त कुठल्या तरी जंगलाची पावती फाइलला.

इथली खास गोष्ट म्हणजे ऑफसेटमध्ये घट कशी फुगवून दाखवली जाते यावरचं महत्त्वाचं संशोधन बर्कलीतच झालं. बार्बरा हाया यांचा बर्कली कार्बन ट्रेडिंग प्रोजेक्ट हेच काम करतो. आपल्याच घरातला माणूस पुरावे देऊन सांगतो की ही पावती कच्ची आहे, तर तिच्यावर भर देणं योग्य नव्हतं. म्हणून धोरण प्रत्यक्ष घटीकडे वळलं. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. उशीर झाला हेही खरं, आणि ते त्यांनी तितक्याच ठळकपणे सांगायला हवं होतं.

कोयनाकाठ
ऑफसेटचा मुद्दा पटला. पण मग २०१३ ते २०२३ ही दहा वर्षं बर्कलीचं केंद्र बदलायला का नाही घेतली? पावतीच्या भरवशावर राहिले म्हणूनच ना? मोडला याच मतावर मी आहे, पण आता थोड्या सहानुभूतीने.

पाइपफिटर
केंद्र का बदलत नाही यावर थोडं लिहितो, माझा धंदाच तो आहे. (मेकॅनिकल इंजिनियर, सध्या डेन्व्हर.)

कॅम्पसभर वाफेचं जाळं असतं. मध्ये एक केंद्र, तिथे गॅस जाळून वाफ करायची आणि जमिनीखालच्या पाइपांतून मैलभर लांबच्या इमारतीपर्यंत न्यायची. पाइप जुने, वाटेत उष्णता गळत जाते. आणि हे जाळं वाफेवरच चालतं. हीट पंपाने (विजेवर उष्णता एकीकडून ओढून दुसरीकडे नेणारं यंत्र) सहज मिळतं ते ६०-७० अंशांचं पाणी, वाफ नव्हे. म्हणून नुसतं केंद्र बदलून भागत नाही, पाइपही बदलावे लागतात आणि प्रत्येक इमारतीच्या तळघरातली जोडणीही. रानजाईंनी डेव्हिसचं लिहिलं ते याच कारणाने महत्त्वाचं आहे. बाहेरून बघणाऱ्याला नुसते खणलेले रस्ते दिसतात, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

पलीकडच्या स्टॅनफर्डने हे पूर्ण करून दाखवलंय. त्यांचं गॅस केंद्रही १९८७ चंच होतं. त्यांनी मोजलं तेव्हा लक्षात आलं की एकीकडे प्रयोगशाळा आणि संगणक थंड करताना निघालेली उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडतोय, आणि त्याच तासाला दुसरीकडे इमारती तापवायला गॅस जाळतोय. दोन्ही गरजा वर्षातल्या बहुतेक काळात एकाच वेळी असतात. मग थंड करताना निघालेली उष्णता हीट रिकव्हरी चिलरने पकडून गरम पाण्याच्या जाळ्यात घातली. सुमारे २० मैल पाइप टाकले, १५५ इमारती वाफेवरून गरम पाण्यावर आणल्या, मोठमोठ्या टाक्या बांधल्या. २०१५ मध्ये जुनं केंद्र बंद केलं. कूलिंग टॉवरमधून उडून जाणारं पाणी वाचलं ते वेगळंच, आणि दुष्काळी कॅलिफोर्नियात त्याची किंमत मोठी. २०२२ मध्ये दुसरा सौर प्रकल्प आला आणि वापराइतकी वीज अपारंपरिक झाली.

रानजाईंच्या "कोणता आकडा" या प्रश्नावर माझं उत्तर : कॅम्पसच्या गॅस मीटरचा वार्षिक आकडा. तो उतरला तर काम झालं. तो तसाच राहून एकूण उत्सर्जन उतरलं, तर कागद हलले.

पैठणकर_बाई
सगळं छान, पण खर्च? स्टॅनफर्डकडे गडगंज पैसा आहे. सरकारी विद्यापीठाने फी वाढवून पाइप बदलायचे का? माझी मुलगी अशाच सरकारी विद्यापीठात शिकते, तिची फी मी भरते म्हणून विचारते. रागाने नाही.

पाइपफिटर
बाई, प्रश्न रास्त आहे. स्टॅनफर्डचा खर्च ४८ कोटी डॉलरच्या आसपास होता. पण जुनं केंद्र तसंही म्हातारं झालं होतं, काहीतरी बांधावंच लागणार होतं. तीच गॅसची पद्धत चालू ठेवण्याशी तुलना करून ३५ वर्षांत ४२ कोटी वाचतील असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे तुलना नेहमी "काहीच केलं नाही तर शून्य खर्च" याच्याशी करायची नाही, कारण तसं कधीच नसतं.

मक्याच्या_शेतात
पैठणकर_बाई, सरकारी विद्यापीठाचंच उदाहरण देते, आमच्या इंडियानातलं. बॉल स्टेट. कोळशाचे चार बॉयलर होते. २००९ मध्ये जमिनीत विंधणं खोदायला लागले, साडेतीन हजारांहून जास्त, आणि मार्च २०१४ मध्ये कोळसा कायमचा बंद. उन्हाळ्यात इमारतींची उष्णता जमिनीत सोडायची, हिवाळ्यात ती परत काढायची. मी तिथे दोन वर्षं नोकरीला होते. पार्किंगखाली आणि मैदानाखाली विंधणं आहेत, वरून काही कळतसुद्धा नाही. जुनी माणसं सांगायची की पूर्वी बर्फावर काजळी बसायची.

आमच्याकडे नामवंत विद्यापीठांचीच चर्चा होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पैठणकर_बाई
धन्यवाद ग. हे माहीत नव्हतं. काजळीचं वाचून चंद्रपूरला माहेरी वाळत घातलेले कपडे आठवले.

गुंगीवाला_डॉक्टर
थोडं अवांतर. विद्यापीठाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं असेल तर पहिल्या कप्प्यात आमचाही वाटा येतो. भूल देताना वापरतो त्यातला डेसफ्लुरेन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट तापवणारा आहे, शंभर वर्षांच्या हिशेबाने. रुग्णाच्या शरीरात तो फारसा बदलत नाही. श्वासातून बाहेर येतो आणि थिएटरच्या एक्झॉस्टमधून थेट आकाशात. सेव्होफ्लुरेनचा परिणाम त्याच्या कितीतरी कमी, आणि बहुतेक शस्त्रक्रियांना ते पुरतं. स्कॉटलंडने २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतून डेसफ्लुरेन काढून टाकलं. युरोपीय संघात जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय गरज असल्याशिवाय त्याला बंदी आहे.

आम्ही आमच्या विभागात दोन वर्षांपूर्वी त्याची खरेदी थांबवली. त्यासाठी ना खोदकाम लागलं, ना निधी. एका बैठकीत निर्णय झाला. पण हे कोणाच्या अहवालात आलं नाही, कारण आमच्याकडे अहवालच नाही. बाटल्यांच्या खरेदीची नोंद तेवढी स्टोअरमध्ये आहे.

मीटरवाले_काका
डॉक्टरसाहेब, ती खरेदीची नोंदच पुरावा आहे, जपून ठेवा. गळतीचा हिशेबही असाच खरेदीवरून करतात. वर्षभरात एसीत किती किलो गॅस नव्याने भरला ते बघायचं. जेवढा भरला तेवढा गळला होता.

तिसरा_मजला_लॅब
मी अर्व्हाईनला पीएचडी करतोय, रसायनशास्त्र. आमच्याकडे फ्यूम हूडची (प्रयोगातल्या घातक वाफा बाहेर ओढणारं काचेचं कपाट) काच खाली ओढून ठेवायची शिस्त फार कडक आहे. एक हूड चोवीस तास खोलीतली थंड केलेली हवा बाहेर फेकत असतो. त्यात जाणारी ऊर्जा तीन घरांना पुरेल इतकी असते असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. इथे 'स्मार्ट लॅब' नावाने हवेची गुणवत्ता मोजून पंखे कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवली आणि त्या प्रयोगशाळांची ऊर्जा जवळजवळ निम्मी झाली. माझ्या टेबलावरून मला रोज काचेची पट्टी दिसते. कोणी उघडी ठेवली तर मीच उठून ओढतो.

धाग्याच्या प्रश्नाबद्दल : इमारतवार मीटर नसते तर हे निम्म्याचं कळलंच नसतं. एकूण कॅम्पसच्या आकड्यात ते बुडून गेलं असतं, कारण त्याच काळात नव्या इमारती उभ्या राहत होत्या.

उंबरठा_२१
मला खरंच मदत हवी आहे म्हणून लिहितो. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात शिकवतो, नाव लिहीत नाही. नॅकच्या सातव्या निकषासाठी ऊर्जा ऑडिट, हरित ऑडिट असं सगळं करावं लागतं. त्या समितीवर मला घेतलंय. गेल्या खेपेचा अहवाल उघडला तर त्यात झाडांची यादी होती, सोलर पॅनेलसमोरचे फोटो होते, "प्लास्टिकमुक्त परिसर" असा फलक होता. कार्बनचा एकही आकडा नव्हता. पूर्ण आवाराला उच्चदाबाचं एकच मीटर आहे. जनरेटर किती हे तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.

स्टॅनफर्डचं वाचून हुरूप येतो, पण आमच्याकडे वाफेचं जाळंच नाही. तापवायचं काहीच नाही, थंड करायचंय फक्त. सुरुवात कुठून करू?

मीटरवाले_काका
उंबरठा, तुमचं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे, खरंच. तुमचा मोठा वाटा विजेचा असणार.

वीजबिलं काढा, मागच्या तीन वर्षांची. हिशेब विभागात ती असतातच, कारण पैसे भरलेले असतात. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी जाहीर करतं, तो त्या त्या वर्षाचा घ्या आणि अहवालात लिहून ठेवा की कुठला घेतला. समजा महिन्याला १ लाख युनिट लागत असतील, तर सुमारे ७० टन. डिझेलच्या पावत्यांवरून लिटर काढा, लिटरमागे २.७ किलो. सिलिंडरचं वर सांगितलंच आहे. एसीच्या कंत्राटदाराकडून गॅसचे किलो मागा. जुन्या एसीतला आर-२२ एक किलो गळला तर तो १८०० किलोंच्या बरोबरीचा, म्हणजे अडीच हजार युनिट विजेइतका. हे ऐकलं की कंत्राटदाराला दर वर्षी फक्त "गॅस भरून दे" सांगणारे थांबतील आणि गळती शोधायला लावतील.

छतावर सोलर असेल तर त्याची निर्मिती वेगळी लिहा. ती वापरातून गुपचूप वजा करून टाकू नका. आधी एकूण वापर, मग त्यातले सोलरचे किती. नाहीतर वापर वाढला तरी कळत नाही. झाडांनी किती शोषलं तेही वजा करायचं नाही, त्याचं वेगळं पान ठेवा. झाडं हवीतच. पण तीस वर्षांपूर्वी लावलेल्या वडामुळे यंदाचं वीजबिल कमी होत नाही.

आणि मीटर. प्रत्येक इमारतीला एक उपमीटर मागा. नाही दिले तर वसतिगृह, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा एवढ्या तीन तरी.

पाइपफिटर
काकांना अनुमोदन. एक भर : चौरस मीटरमागे उत्सर्जन आणि एकूण उत्सर्जन, दोन्ही लिहा. नवं सभागृह बांधलं की एकूण वाढतं आणि दर चौरस मीटरला मात्र घटलेलं दिसतं. कित्येक अहवालांत फक्त दुसराच आकडा असतो.

सुरपारंबी
विमानांचं काय मग? भाच्याच्या पदवीदानाला आम्ही चौघं मुंबईहून जाणार आहोत. तो हिशेब विद्यापीठाचा की आमचा?

धुक्यातली_वाट
इथल्या हिशेबात कामासाठीचे विमानप्रवास आणि रोजचं येणंजाणं धरतात. घरच्यांचे प्रवास धरत नाहीत. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को जाऊन-येऊन माणशी दोन-तीन टन होतात, म्हणजे आकडा लहान नाही. पण ताई, तुम्ही जा. त्याच्या आयुष्यातला एकच दिवस आहे तो. विद्यापीठाने परिषदांचे प्रवास कमी करावेत, आईबापांचे नव्हे.

कोयनाकाठ
मला एक खटकतंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाने बायोमिथेनही घेतलाय ना? कचराडेपोतून काढलेला गॅस. मग पाइपफिटर म्हणतात तो गॅस मीटरचा आकडा तसाच राहील आणि तरी उत्सर्जन कमी दाखवतील.

पाइपफिटर
हो, आणि म्हणूनच मीटर बघा म्हणतो. तो गॅस दुसरीकडे कुठेतरी पाइपलाइनमध्ये सोडतात. कॅम्पसच्या बॉयलरमध्ये येतो तो त्याच पाइपलाइनमधला नेहमीचा गॅस, हक्क फक्त कागदावर बदलतो. कचराडेपोचा मिथेन पकडणं चांगलंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्याने कॅम्पसचं केंद्र बदलत नाही.

विजेतही तसंच. २०१५ पासूनच्या नियमानुसार दोन आकडे द्यावे लागतात : एक तुमच्या भागातल्या ग्रिडच्या सरासरीने, दुसरा तुम्ही केलेल्या खरेदी करारांप्रमाणे. अहवालात दोन्ही शेजारी-शेजारी असतील तर ते विद्यापीठ सरळ आहे असं मी धरतो.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार. दोन रात्री हा धागा वाचत, जुने अहवाल पुन्हा उघडत बसले होते.

माझं मत बदललंय. सुरुवातीला मी लिहिलं तेव्हा "फसवणूक झाली" अशी सल होती. आता वाटतं, निव्वळ शून्याचा वायदा मोडून प्रत्यक्ष घटीचा वायदा केला तो बरोबरच केला. पण कोयनाकाठ म्हणतात ती गेलेली दहा वर्षं परत येत नाहीत. हवेत गेलेला टन २०४५ पर्यंत तिथेच राहणार आहे. म्हणून नव्या वायद्याचं मूल्यमापन मी २०४५ ला करणार नाही. दर वर्षी तीन गोष्टी बघेन : सगळ्या कॅम्पसवर मिळून किती गॅस जळला, वाफेवरून गरम पाण्यावर किती इमारती आल्या, आणि बर्कलीच्या केंद्राचं काय झालं. माजी विद्यार्थी म्हणून देणगीचं पत्र दर वर्षी येतं. यंदा उत्तरात हे तीन प्रश्न लिहून पाठवलेत.

उंबरठा, तुमचं पुढे काय झालं ते इथेच लिहा.

उंबरठा_२१
लिहितो. काल हिशेब विभागात बसून ३६ महिन्यांची वीजबिलं मिळवली, दोन महिन्यांची गहाळ होती ती वीज कार्यालयातून काढली. जनरेटर स्वतः फिरून मोजले, पाच निघाले. एक ग्रंथालयामागे झाडीत होता, त्याची कोणालाच आठवण नव्हती, पण डिझेल दर महिन्याला त्याच्या नावावर जातंय. एसीचा कंत्राटदार गॅसचे किलो द्यायला तयार आहे, त्याला इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

काका, उपमीटरचा प्रस्ताव तीन इमारतींसाठी टाकलाय. त्यात लिहायला एका त्रिफेज उपमीटरचा बसवून साधारण खर्च किती येतो, ते सांगाल का?